आजीचे नाव कोणत्या कागदावर होते?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय ‘श्रद्धांजली’ असा छापला आहे. दोन मिनिटे उभे राहायचे, माना खाली घालायच्या आणि दुसऱ्या विषयाला हात घालायचा, अशी आपली रीत आहे. अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही ती रीत आज थोडी मोडतो आहोत. आधी बोलू, मग उभे राहू. कारण जिच्यासाठी उभे राहायचे, तिला नुसते उभे राहिलेले माणूस चालत नसे. “उभा काय राह्यलास, ती पाटी उचल,” असेच ती म्हणाली असती.

गेल्या कार्तिकात आमची आजी गेली. नव्वदीला टेकली होती. नात्याने ती आमची सख्खी आजी, वडिलांची आई. पण निम्मा तालुका तिला आजीच म्हणत होता. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली आहे. तेव्हा आज आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते घरच्यांच्या वतीने, आणि संघटनेतल्या त्या सगळ्या नातवंडांच्या वतीनेही.

मोठी माणसे गेली की त्यांनी भूषवलेली पदे सांगतात. आजीने एकही पद भूषवले नाही. ती कधी व्यासपीठावर बसली नाही. म्हणून आम्ही दुसरी तऱ्हा धरली आहे. आजीचे नाव आयुष्यात कोणकोणत्या कागदावर आले, तेवढे सांगतो. कागद थोडे आहेत. फार वेळ लागणार नाही.

पहिला कागद : मस्टर

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. आमच्या भागात बाजरी हातभर वाढली आणि उभ्या जागी वाळली. विहिरीचा तळ दिसला. सरकारने दुष्काळी कामे काढली आणि जमीनदार म्हणवणारी घरेही खडी फोडायला बसली. आजी तेव्हा पस्तिशीच्या आसपास होती. पदरात चार लेकरे, धाकटे अंगावर पिणारे. सकाळी मिलोची लाल भाकरी बांधून ती कामावर जायची आणि लेकरांसाठी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची.

तिथल्या हजेरीच्या मस्टरवर आजीचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले. तिने त्यापुढे अंगठा उठवला. त्या आठवणीत तिला दुःख नव्हते, हे आम्हाला लहानपणी नवल वाटायचे. ती म्हणायची, “लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा माव्हे पैसे माव्हा हातात पडले.” तिने आयुष्यभर वावरात काम केले, पण मजुरी मिळाली ती दुष्काळातच.

दुसरा कागद : पोलिसांची वही

१९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याचे आंदोलन पेटले. नोव्हेंबरात रस्ते अडले, रेल्वे अडली, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. आजी त्या आंदोलनात रस्त्यावर नव्हती. ती चुलीपुढे होती. आमच्या घरात रोज पायलीच्या पायली पीठ मळले जात होते आणि ते सगळे आमच्या घरचे नव्हते. आजी दारोदार फिरून पीठ गोळा करायची. कुणी “आमचा संघटनेशी संबंध नाही” म्हटले की ती म्हणायची, “संघटनेला नको देऊ. उपाशी माणसाला दे.” मग कुणाच्याने नाही म्हणवत नसे.

पुढे काही वर्षांनी एका रास्ता रोकोत ती भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन गेली आणि तिथेच बसली. पोलिसांनी बाया उचलल्या, त्यात तिलाही उचलले. ठाण्यात वहीत नाव लिहायला हवालदाराने विचारले, “नाव काय?” आजीने माहेरचे नाव सांगितले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. आजीचे सासरचे नाव वेगळे होते आणि माहेरच्या नावाने तिला हाक मारणारे कुणी उरले नव्हते. आजोबा सोडवायला गेले तेव्हा या नावाची बाई आत आहे हे त्यांना कळेना. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. आजीचे म्हणणे एवढेच होते, “सासरचं नाव घराचं. जेलात मी गेले व्हते, घर न्हाई.”

चांदवड

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी चांदवडला शेतकरी महिला अधिवेशन भरले. लाखांनी बाया आल्या. आम्ही सहा वर्षांचे होतो. आजीने आम्हाला ट्रकमध्ये आपल्या पायांशी बसवून नेले. आम्हाला भाषणे आठवत नाहीत. धूळ आठवते, बायांचे जथेच्या जथे आठवतात आणि एवढ्या गर्दीत आजी आपला हात सोडील या भीतीने धरलेला तिचा पदर आठवतो. स्त्रियांच्या प्रश्नाची ती मांडणी ‘चांदवडची शिदोरी’ म्हणून पुस्तकात आली ती आम्ही फार उशिरा वाचली. आजीला तर वाचताच येत नव्हते. पण ती शिदोरी तिनेच जास्त दिवस पुरवली. गावात परत आल्यावर आठवड्यातून एकदा तिच्या ओट्यावर बाया जमू लागल्या. कुणाचा नवरा दारू पिऊन मारतो, कुणाला माहेरी पाठवत नाहीत, कुणाला चौथी मुलगी झाली, हे तिथे बोलले जायचे. आजी उपदेश करत नसे. “चल, मी येते संगं,” म्हणायची आणि पायात वहाणा सरकवायची. दवाखान्यात, ठाण्यात, तहसीलीत, कुणाच्या सोयऱ्याकडे ती किती वेळा संगं गेली याची मोजदाद नाही.

उळे

आता जरा शेतीचे बोलू. आम्ही शेतकी पदवीधर. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकून २००२ साली गावी आलो. पदवीचा कागद नवा होता आणि डोके गरम होते.

आजी घरच्या कांद्याचे बी करायची. आपल्याकडे त्याला उळे म्हणतात. उन्हाळ कांदा चाळीत भरला की सहा महिने ती त्याच्याकडे बघायची नाही. दिवाळीच्या सुमारास चाळीत जो कांदा उरलेला असेल त्यातून निवड करायची. कोंब आलेला नको, सडका नको, जोडकांदा नको, जाड मानेचा नको. मध्यम आकाराचा, घट्ट, बारीक मानेचा, एका रंगाचा तेवढा वेगळा काढायचा आणि विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत डोंगळ्यासाठी लावायचा. आम्ही विचारले, “कांदा उन्हाळ्यात काढतानाच चांगला चांगला निवडून ठेवला तर?” ती म्हणाली, “तवा तं सगळेच चांगले दिसत्यात.”

मंडळी, आम्ही परीक्षेत निवड पद्धतीवर पानेच्या पाने लिहिली होती. साठवणुकीत टिकणारे वाण हवे असेल तर निवड साठवणुकीनंतर करावी, हे तत्त्व त्या एका वाक्यात होते. एन-२-४-१ हे वाण आपण सगळे लावतो. तेही अशाच स्थानिक कांद्यातून निवड करत करत तयार झाले. विद्यापीठाने केले ते मोठे काम, त्याला नाव मिळाले, मिळायलाच हवे. पण ज्या मालातून निवड झाली तो माल पिढ्यान्‌पिढ्या कुणी राखला, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. आजीसारख्या बायांनी राखला.

पहिल्याच वर्षी आम्ही आमची विद्या दाखवली. डोंगळे फुलात होते आणि फुलकिडे दिसले. आम्ही सकाळी दहाच्या सुमारास पंप पाठीला लावला आणि औषध मारले. आजी बाजारातून आली, बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, “माशी कुठं गेली?” कांद्याचे परागीभवन मधमाशी करते, हे आम्हाला पाठ होते. फुलात असताना मारायचे नाही, हेही पाठ होते. पण किडा दिसला आणि हात पंपाकडे गेला. त्या वर्षी गोंडे दिसायला भरलेले, हातात चोळले की फोल. आजी रागावली नाही. पुढच्या वर्षी फुलोरा आला तेव्हा तिने पंपाची दोरी काढून आपल्या पेटीत ठेवली.

बी झाले की ती वाटायची. मापटे भरून द्यायची आणि सांगायची, “मला माघारी नको. पुढल्या साली तू दुसऱ्याला दे.” आम्ही म्हणालो, थोडे ठेवावे, एखादे वर्ष वाईट निघाले तर? कांद्याचे बी घरात साध्या हवेत वर्षभराच्या वर टिकत नाही, उगवण झपाट्याने घटते, हे आम्ही शिकलो होतो. तिला ते अनुभवाने माहीत होते. गावात चाळीस घरी आपले उळे असले की एखाद्या घरचे बुडाले तरी दुसरीकडे असतेच. तिने आपले बियाणे गावभर साठवले होते.

नाव लागले नाही तो कागद

१९९० च्या सुमारास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीतला काही हिस्सा बायकोच्या नावावर करून देतील ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवले. त्या बातमीने आजी उठली. घरोघर फिरली. पिठासाठी जशी फिरली होती तशीच. पीठ लगेच मिळाले होते, जमीन मिळेना. पुरुष हसून म्हणायचे, “सगळं तिचंच तं आहे, कागदाला काय करायचं?” आजी म्हणायची, “कागदाला काही करायचं न्हाई, तं मग तुमचं नाव काढून टाका.” आमच्या गावात शंभर झाले नाहीत. तेवीस घरांनी नाव लावले.

त्या तेवीसांत आमचे घर नव्हते.

आजोबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला संघटनेच्या कामातून कधी ओढून आणले नाही. ते दर वर्षी म्हणत, “करू पुढल्या साली. सोसायटीचा बोजा उतरू दे.” बोजा उतरायचा, दुसरा चढायचा. असे करत २००३ साल आले आणि आजोबा गेले.

आता पुढचे सांगताना आम्हाला जड जाते. पण ते सांगायचे नसते तर आज उभे राहण्यात अर्थ नव्हता.

आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवेला मुलांइतकाच वाटा असतो आणि मुलींनाही असतो. त्याप्रमाणे आजी, वडील, काका आणि दोन्ही आत्या अशी पाच नावे सातबाऱ्यावर लागली. लक्ष्मीमुक्तीसाठी दारोदार फिरलेल्या बाईचे नाव अखेर सातबाऱ्यावर आले ते असे, नवरा मेल्यावर. ते अकरा महिने राहिले.

अकरा महिन्यांनी वडिलांनी आणि काकांनी ठरवले की पाइपलाइनसाठी कर्ज काढायचे. पाच जणांच्या सह्या, आत्या लांब दिलेल्या, म्हातारीला किती वेळा तालुक्याला न्यायचे? सगळे म्हणाले, हक्कसोडपत्र करून घेऊ. घरात शिकलेले कोण? आम्ही. मजकूर आम्ही वाचला. आत्यांना निरोप आम्ही धाडला. आजीला मोटारसायकलवर मागे बसवून दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आम्ही नेले. तिने विचारले, “कशाचा कागद हाये?” आम्ही म्हणालो, “कर्जाचा आहे, आजी.” ते खोटे नव्हते. खरेही नव्हते. तिचा अंगठा शाईला लावून कागदावर आम्ही टेकवला.

त्या अकरा महिन्यांत आपले नाव सातबाऱ्यावर आहे हे आजीला कुणी वाचून दाखवले नव्हते. आम्हीही नाही. जमिनीच्या ज्या एका कागदावर तिचे नाव तिच्यासमोर लिहिले गेले, तो नाव काढण्याचा कागद होता.

गारपीट

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. तुम्हाला आठवत असेल. आमचे डोंगळे नेमके फुलावर होते. एका संध्याकाळी गोंड्यांचा खच पडला. आजी पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी ती दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दोन गुंठ्यांत वाकून मोडक्या दांड्यांतून एखादा तरी गोंडा धरतो का ते बघत होती. पंचनाम्याला माणसे आली. त्यांनी तिलाच विचारले, “शेतकऱ्याचं नाव काय?”

आजी सरळ झाली. आमच्याकडे बघितले. पोलीस ठाण्यात माहेरचे नाव ठणकावून सांगणारी बाई, ती काही बोलली नाही. आम्ही वडिलांचे नाव सांगितले. येणाऱ्यांची चूक नव्हती. सातबाऱ्यावर जे होते ते त्यांनी लिहिले.

ते गेल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी तू कर्जाचा कागद म्हणाला व्हतास.” तिला केव्हाच कळले होते. दहा वर्षे ती बोलली नाही, दहा वर्षे तिने आम्हाला बी दिले. आम्ही काही बोललो नाही. ती पुन्हा खाली वाकली. त्या वर्षी तिला जेमतेम ओंजळभर बी हाती लागले. पण दिवाळीनंतर, तिने पूर्वी ज्यांना दिले होते अशा अकरा घरांतून मापटे मापटे उळे आमच्या ओट्यावर आले. कुणी विचारायला गेले नव्हते.

आता काय करायचे

मंडळी, रडायला ही सभा नाही. आजीचे नाव कुठे कुठे होते याची यादी आता पुरी झाली. मस्टरवर होते, पोलिसांच्या वहीत होते, हक्कसोडपत्रावर होते. कष्टाच्या कागदावर होते, त्यागाच्या कागदावर होते. मालकीच्या कागदावर अकरा महिने होते, तेही तिला ठाऊक नसताना. आपण संघटनेत ‘घामाचे दाम’ मागतो. सरकारकडे मागतो, बाजारात मागतो. मागायलाच हवे. पण घरातल्या घामाचा हिशेब निघाला की आपण सगळे आजोबा होतो. पुढल्या साली करू म्हणतो.

तेव्हा तीन कामे सांगतो.

पहिले, घरी गेल्यावर सातबारा काढा आणि घरातल्या बायांसमोर मोठ्याने वाचा. किती गट, किती क्षेत्र, कुणाची नावे, बोजा किती, इतर हक्कात काय. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी वाचून दाखवा. याला कायदा लागत नाही, खर्चही नाही.

दुसरे, नवरा हयात आहे तोवरच बायकोचे नाव लावा. लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीनंतर शासनाने १९९२ साली परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. तहसीलीत अर्ज कसा करायचा ते आम्ही दाखवू, संगं येऊ.

तिसरे, हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वारसा कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. कायदा दारापर्यंत आला आणि आपण उंबऱ्यावर अंगठा घेऊन त्याला माघारी लावले. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिचा तो अधिकार. पण कागद कशाचा आहे हे तिला पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय कुणाचाही अंगठा धरू नका. हे काम बहुधा घरातल्या शिकलेल्या पोराकडे येते. म्हणून आम्ही खास तरुण कार्यकर्त्यांना सांगतो आहोत. तुम्ही नाही म्हणालात तर तो कागद होत नाही. आम्ही नाही म्हणालो नाही.

आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही जेवणावळ घातली नाही. वडिलांनी आईच्या नावाचा अर्ज तहसीलीत दिला, तो त्यांच्यासोबत जाऊन आम्ही दिला. काकांनी अजून दिलेला नाही. पुढल्या साली करू म्हणतात. आत्यांना त्यांचा वाटा परत कसा द्यायचा यावर घरात बोलणे चालू आहे आणि ते गोड नाही. झाले की सांगू, नाही झाले तरी सांगू.

बाहेर टेबलावर उळ्याच्या पुड्या ठेवल्या आहेत. आजीने शेवटच्या दिवाळीत अंथरुणावरून हात लावून निवडलेल्या कांद्यांचे हे बी आहे. पुडीला पैसे नाहीत. पुढच्या साली दुसऱ्याला द्या, आणि येत्या हंगामातच टाका, ठेवून देऊ नका. पुडीवर आम्ही तिचे नाव लिहिले आहे, माहेरचे.

आता दोन मिनिटे उभे राहू या.